पुसणी वही

आमच्या धंद्यात ब्रश धुण्याआधी पुसावा लागतो. रंगाने भरलेला ब्रश तसाच रॉकेलच्या डब्यात बुडवला तर रॉकेल गढूळ होतं आणि पुढचा रंग मळका उतरतो. म्हणून आधी कागदावर पुसायचा, उलटासुलटा, चांगला कोरडा होईपर्यंत, आणि मग धुवायचा. बहुतेक पेंटर यासाठी रद्दी पेपर वापरतात. मला ते जमलं नाही, कारण पेपरवर बातम्या असतात आणि मला दिसेल ते वाचायची खोड आहे. हातात ओला ब्रश आणि डोळे कुठल्यातरी पुढाऱ्याच्या भाषणात, अशा अवस्थेत मी एका किराणा दुकानाच्या पाटीवर 'येथे तेल, तूप, सरकार मिळेल' असं लिहून ठेवलं होतं. साखरेचं सरकार झालेलं मालकाच्या ध्यानात यायला आठवडा लागला. गिऱ्हाइकांच्या आधीच आलं होतं, पण ती हसत आत शिरत होती म्हणून कुणी बोललं नाही.

त्या दिवसापासून मी मुलीच्या शाळेच्या उरलेल्या वह्या ब्रश पुसायला घेतल्या. कोऱ्या पानावर वाचायला काही नसतं. माझ्या बायकोने, शालनने, त्या वहीला 'पुसणी' नाव ठेवलं. "तुमची ती पुसणी गादीवर टाकू नका," हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की आता भिंतींनाही पाठ झालं असेल.

मी नारायणगावचा पेंटर. लोक मला नावाने ओळखत नाहीत, 'पेंटर' म्हणतात, आणि फोनमध्येही तसंच ठेवतात. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, द्राक्षबागांची फाटकं असं सगळं रंगवलं. पुढे फ्लेक्स आला. सकाळी सांगा, दुपारी घेऊन जा, वर मालकाचा गोरा केलेला फोटो. माझा त्याच्यावर राग नाही. चार फुटांची पाटी लिहायला मला दोन दिवस लागत आणि त्यातला अर्धा दिवस मी मालकाला शुद्धलेखन पटवण्यात घालवायचो. तरी एकदा जेवताना सहज म्हणालो, "आता पेंटरला कोण पुसतंय?" शालन पोळी वाढता वाढता म्हणाली, "तुमची वही पुसते की."

ती थट्टा करत होती, पण बोलली ते खरं होतं.

वही नुसती ब्रश पुसायची कधीपासून राहिली नाही हे मला नेमकं सांगता येणार नाही. एकदा हिरवा आणि राखाडी असे दोन ब्रश एकापाठोपाठ एक पुसले आणि पानावर चावंडचा डोंगर उमटला. अगदी तसाच, एका बाजूने तुटलेला. मी खिशातल्या पेनाने खाली दोन झाडं काढायला गेलो तर पेन चालेना. तेलाच्या रंगावर पेन घसरतं. मग पेन्सिल घेतली, ती चालली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रंगातलं तेल कागदात पसरून डोंगराभोवती पिवळसर कड तयार झाली होती, उन्हं कलल्यावर दिसते तशी. ती मी काढलेली नव्हती. आपण न काढलेलं काहीतरी आपल्या पानावर आलंय, हे मला फार आवडलं. मग हे आणखी कशाकशाने होतं ते बघायची चटक लागली.

चहा सांडून पाहिला. हळद लावून पाहिली, तिच्यावर चुन्याचं बोट फिरवलं तर ती लाल झाली. बसची तिकिटं, बियाण्याच्या पाकिटावरचे टोमॅटो, लग्नपत्रिकांचे सोनेरी गणपती छापलेले जाड कागद, विटेची भुकटी, सगळं त्या वहीत जाऊन बसलं. वह्या फुगून बंद होईनात, मग त्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. पुण्यात चित्रकला शिकलेली माझी भाची एकदा वही चाळून गंभीरपणे म्हणाली, "मामा, हे मिक्स मीडिया आहे." मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. मी याला राडा म्हणत होतो."

धंद्यालाही या राड्याचा उपयोग व्हायचा. आळेफाट्याकडच्या एका कांदा व्यापाऱ्याचा टेम्पो आला होता. पाठीवर तीन मुलांची नावं हवी होती: ज्ञानेश्वर, बाळासाहेब आणि राम. आता अक्षरं लिहिणाऱ्याचं अर्धं काम मोजण्यातच असतं. सुताला खडूची भुकटी चोळायची, दोन टोकं धरून सूत ताणायचं आणि टणकन सोडायचं, की फळीवर सरळ रेघ उठते. त्या रेघेवर अक्षरं बसवायची. म्हातारा व्यापारी म्हणाला, "पेंटर, तिन्ही नावं सारखी लांब पायजेत. एकाचं आखूड झालं का त्याची बायको रुसती. घर एकत्र हाय माझं."

मी म्हटलं, "अहो, राम दोनच अक्षरांचा आहे."

"ते तुमी बघा राव. त्येच्यासाठीच तर तुमाला बोलवलंय."

मी वही काढली, पत्रिकांची अक्षरं कापून पानावर मांडून पाहिली. रा आणि म इतके लांब गेले की ती दोन वेगळी माणसं वाटायला लागली. शेवटी रामाच्या दोन्ही बाजूंना एकेक कांदा काढायचं ठरवलं. कांदा कसा दिसेल म्हणून वहीत कांद्याचं खरं साल चिकटवलं, वरून वॉर्निश मारलं, आणि साल असं गुलाबी पारदर्शक झालं की मी टेम्पो विसरून तासभर तेच बघत बसलो. टेम्पो सजून गेला. चार दिवसांनी परत आला. ज्ञानेश्वरच्या बायकोचं म्हणणं पडलं, धाकट्यालाच कांदे का? मग तिघांनाही कांदे काढले आणि राम पुन्हा आखूड दिसायला लागला. म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आता निदान समदी सारखीच नाराज हायेत."

आता घाटघर. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नाणेघाटाकडे पावसाळ्यात पर्यटकांची रीघ लागते. तिथे सोमा नावाच्या तरुणाने घराच्या ओसरीवरच जेवणाची सोय सुरू केली होती, त्याला पावसाच्या आधी पाटी हवी होती. मी भर उन्हाळ्यात गेलो. अंगणात हिरडा वाळत पडला होता. डोंगरातल्या लोकांचं ते उन्हाळ्याचं पीकच, झाडावरून काढायचा, वाळवायचा आणि औषधवाल्या व्यापाऱ्याला घालायचा. पाटी लिहून झाली. हात धुवायला पाणी शोधलं तर कोपऱ्यात कोंबड्यांसाठी लोखंडी घमेल्यात पाणी ठेवलेलं. त्यात चार हिरडे पडले होते, पाणी जरा मातकट दिसत होतं. मी म्हटलं, कोंबड्यांना चालतं तर मला का नाही? हात बुचकळले आणि सवयीने वहीच्या पानावर पुसले. फिकट डाग पडले, पातळ चहासारखे.

सकाळी उठलो तर बोटं काळी. साबण लावला, रॉकेल लावलं, काळी ती काळीच. वही उघडली तर कालचे फिकट डाग दाट काळे झालेले, आणि कडेला जांभळट झाक. मी तसाच परत घाटघरला गेलो. सोमा माझे हात बघून पोट धरून हसला.

"आवो पेंटर, हिरड्याचं पाणी लोखंडाला लागलं का काळं पडतंच. पयल्यांदा कळत न्हाई. हवा लागली का मग चढतं ते."

"आणि जातं कधी?"

"जाईल की. कातडी नवी आली का."

येताना मी पिशवीभर हिरडा घेऊन आलो. तेव्हापासून माझ्या पेटीत हिरड्याच्या भुकटीचा डबा असतो. लोखंडाच्या भांड्यात ती भिजवायची आणि लावायची. लावताना फिकी असते, दुसऱ्या दिवशी काळी होते. रंग लावल्यावर तो कसा दिसेल हे लगेच न कळणं ही पेंटरला शिक्षा वाटावी, पण मला त्याचं वेड लागलं. सकाळी उठून आधी वही उघडायची, काय झालंय बघायला. शालन म्हणायची, "कोंबडीने अंडं घातलं का बघायला जातात तसे जाताय."

आणि आता महाळुंगे पडवळ, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

तिथला रामदास माझं जुनं गिऱ्हाईक. त्याची ट्रॉली मी रंगवली होती. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, "पेंटर, गोठ्याच्या भिंतीवर बैल काढायचा हाय. लगेच या." आमच्या भागात बैलाचं कौतुक नवीन नाही. शर्यतीच्या बैलांचे पुतळे उभारणारी माणसं आहेत. मला वाटलं, जिंकला असेल कुठला शर्यतीचा घाट.

गेलो तर वेगळंच. रामदासकडे एक जोडी होती, कोश्या आणि पवळ्या. घरात ट्रॅक्टर आहे, पण बटाट्याच्या सऱ्यांत कोळपणीला आणि घरच्या बैलगाडीला ही जोडी होती. खरं सांगायचं तर ती त्याच्या आईसाठी होती. भागूमावशींनी दोन्ही गोऱ्हे हाताने वाढवले होते. कोश्याला साप चावला आणि तो गेला. तेव्हापासून पवळ्याने वैरणीला तोंड लावायचं सोडलं होतं. पाणी पिऊन उभा राहायचा, बस. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, इंजेक्शनं झाली, ताप नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, काही जनावरांचं होतं असं जोडीदार गेल्यावर. बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

रामदास मला बाजूला घेऊन म्हणाला, "पवळ्याला बेल्ह्याच्या बाजाराला धाडायचा हाय. उद्या सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो येतोय. अजून वाळला तर कोण घेतंय त्याला? पण आई आडवी पडती. म्हून म्हणलं, भिंतीवर कोश्या दिला, तिचा जीव रमला, तर पवळ्याला सोडल ती."

म्हणजे एक बैल भिंतीवर द्यायचा आणि दुसरा दावणीवरून काढायचा. मी आयुष्यभर मालक सांगेल ते लिहिलं आहे, पण त्या दिवशी रंगाचे डबे मी सावकाश, एकेक करून उघडले. रामदास वाईट माणूस नव्हता. दावणीला उभ्या उभ्या मरणारं जनावर बघवत नाही कुणाला. आणि त्या बाजारातून हडकुळा बैल पुढे कुठे जातो, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही, म्हणून आम्ही दोघांनीही ते बोलायचं टाळलं.

भागूमावशी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी भिंतीवर खडूने आकार काढला, वशिंड, शिंगं, गळ्याखालची पोळी. आकाराला त्यांनी मान डोलावली. मग रंग कालवला आणि घोडं अडलं.

कोश्या नावाप्रमाणे कोसा होता. बैल न पाहिलेल्यांसाठी सांगतो, कोसा म्हणजे अंगाने पांढरा, पण मान, वशिंड आणि मागचे फरे धुरकट काळसर. चुलीवरच्या पांढऱ्या भिंतीला धूर लागावा तसा. तो रंग डब्यात मिळत नाही. पांढऱ्यात काळा घातला की राखाडी होतो, आणि राखाडी आणि कोसा यांत काका आणि मामाइतका फरक आहे. मी मानेवर पहिला हात फिरवला.

मावशी म्हणाल्या, "ह्यो सिमिटाचा बैल झाला."

मी थोडा पिवळा घातला.

"आता सिमिट वलं हाय."

थोडा तपकिरी घातला. त्या काही बोलल्याच नाहीत, हे आणखी वाईट. मी मोबाईलमधला फोटो मागितला. रामदासने दाखवला. त्यात कोश्या निळसर दिसत होता. मावशी म्हणाल्या, "त्या डबीत समदेच निळं दिसत्यात. मीबी निळीच दिसती."

मी ब्रश पुसायला वही काढली. आणि तशीच मांडीवर घेऊन गोठ्यात बसलो. आयुष्यात मला काही सुचलं असेल तर ते वही मांडीवर असतानाच सुचलं आहे. म्हटलं, भिंत राहू दे, आधी कागदावर कोसा सापडतो का बघू, आणि डब्यातला रंग नको, गोठ्यातलाच घेऊ.

"मावशी, चुना आहे का?"

"हाय की."

"चुलीतली राख? गूळ?"

"गूळ कशाला रं? च्या पायजे का?"

मी सांगितलं, जुन्या भिंतींच्या चुन्यात गूळ घालायचे, त्याने चुना धरून राहतो. त्यांना हे माहीतच होतं, त्या फक्त माझी परीक्षा घेत होत्या. त्यांनी तांदळाच्या पिठाची खळही करून दिली. मी पानावर बैल रेखाटला आणि त्यावर खळ, चुना, राख आणि गूळ यांचा हात दिला. लोखंडी घमेल्यात हिरडा भिजवला आणि मानेवर, वशिंडावर ओल्यातच सोडला. ओल्या रंगावर मीठ टाकलं की खड्याभोवती रंग सरकतो आणि बारीक ठिपके उठतात, केसांसारखी रवाळ झाक येते. गव्हाणीत जनावरांना चाटायला खडेमीठ ठेवलेलं होतं, त्यातलंच चुरडून भुरभुरलं. मावशी आता उंबऱ्यावरून उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभ्या होत्या. त्यांना स्वतःचं दुःख आठवत नव्हतं असं नाही, पण पुढे काय होतंय हे बघायचंही होतं. हा रोग संसर्गजन्य आहे.

"थांब," त्या म्हणाल्या आणि खुंटीवरचा खरारा घेऊन आल्या. खरारा म्हणजे बैलाचं अंग घासायचा ब्रश. त्याच्या दातांत कोश्याचे केस अडकलेले होते. त्यांनी ते बोटांनी सोडवले, माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाल्या, "ह्ये घाल. ह्यो रंग तरी खोटा न्हाई."

मी ते केस ओल्या खळीत दाबून बसवले, वशिंडापासून मानेकडे, जसे ते अंगावर असतात तसे.

मावशींनी वाकून बराच वेळ पाहिलं. "जवळ आलास. पर मान अजून फिकी हाय."

"हिरडा आहे तो मावशी. उद्यापर्यंत काळा पडेल."

"उद्या तर टेम्पो येतोय," त्या म्हणाल्या.

वही उघडी ठेवून वाळवायला हवी होती. गोठ्यात वारा गव्हाणीच्या बाजूने येत होता, म्हणून मी वही गव्हाणीच्या कठड्यावर ठेवली आणि आम्ही तिघं ओसरीवर चहाला बसलो. गूळ, मीठ आणि तांदळाची खळ यांनी भरलेलं पान बैलाच्या तोंडासमोर वाळत ठेवणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल. पण तो बैल काही खात नाही हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मलाही ते पटलं होतं.

पहिल्यांदा आवाज आला. भिंत घासताना सँडपेपरचा येतो तसा. मी ओळखीचा आवाज म्हणून मान वळवली, तर पवळ्या मान लांब करून माझी वही चाटत होता.

"ए हाड!" रामदास कप टाकून धावला. मीही उठलो. खोटं कशाला सांगू, मला बैलाची नाही, पानाची काळजी वाटली. इतकं चांगलं पान मला आयुष्यात फार वेळा साधलेलं नाही.

पण मावशींनी रामदासचा हात धरला. "थांब. कुणी हालू नका."

आम्ही तिघं दारात उभे राहिलो. पवळ्या सावकाश चाटत होता, खालून वर. मध्येच थांबायचा, पानाला नाक लावून जोरात हुंगायचा, फुस्स करून श्वास सोडायचा आणि परत जीभ फिरवायचा. पायांपासून पाठीपर्यंत, पाठीवरून वशिंड, मान. सगळा कोश्या त्याने चाटून घेतला. वही गव्हाणीत पडली तेव्हा तिच्यामागून त्याचं तोंडही आत गेलं. तिथे सकाळचा कडबा तसाच पडून होता. त्याने त्यातलं एक ताट ओढलं. चावलं. मग दुसरं ओढलं.

रामदास कुजबुजला, "आई, खातोय."

मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "त्यानं पुसलं रं कोश्याला. इतकं दीस कुणाला पुसावं त्येच कळत नव्हतं त्याला."

माझ्या वहीचं नाव त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

रामदासने लगेच व्यापाऱ्याला फोन लावला आणि या बाजाराला नको म्हणून सांगितलं. मग माणूस मोकळा झाल्यावर बोलतो तसा बोलायला लागला. "गुळाचा वास लागला असणार. अन् मीठ. तोंडाला चव आली त्याच्या." संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर सहज वळले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिरडा किती होता त्यात? हिरड्याने भूक लागते. पोटावर चांगलं औषध आहे ते." मी म्हटलं, पोटात गेला असेल तर चिमूटभर. ते म्हणाले, "सांगता येत नाही." मावशींनी या दोघांचंही म्हणणं शांतपणे ऐकलं आणि पवळ्याला आणखी एक पेंढी टाकली.

मला मात्र स्वस्थ बसवेना. गूळ, मीठ, हिरडा की कोश्याचे केस? मी घरी येऊन तसंच एक पान बनवलं, सगळं घातलं, फक्त केस घातले नाहीत, आणि पुन्हा महाळुंग्याला घेऊन जायचं ठरवलं. त्याआधी आमच्या शेजारच्या म्हशीवर प्रयोग केला. तिने ते पान कागदासकट खाल्लं आणि वहीच्या पुठ्ठ्याकडेही बघायला लागली. म्हणजे निकाल काही लागला नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी मी ती चाटलेली वही तशीच पिशवीत टाकून घरी आणली होती. पान ओलं, खरखरीत, काही ठिकाणी इतकं पातळ की पलीकडचं दिसावं. त्यावर काही उरलेलं नव्हतं, नुसते पाण्यासारखे फिके पट्टे, जीभ गेली तिथे. मला वाईट वाटलं. बैल खायला लागला याचा आनंद होताच, पण कोसा सापडतासापडता गेला, तो परत त्याच हाताने सापडेल याची खात्री नव्हती. या धंद्यात माझ्या हातच्या शेकडो पाट्या उन्हाने उडाल्या, चुन्याखाली गेल्या, भंगारात विकल्या गेल्या. त्यांचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. या एका पानाचं लावून घेतलं.

सकाळी सवयीने वही उघडली.

हिरडा चढला होता. जिभेच्या ओढीने तो पानभर पसरला होता आणि चुन्यात, राखेत मुरून रात्रीतून काळा पडला होता. खालून वर गेलेले जिभेचे समांतर पट्टे, एकावर एक, केसांच्या ओळींसारखे. कुठे दाट, कुठे विरळ, आणि मधून पांढरा डोकावणारा. शिंगं नव्हती, डोळे नव्हते, बैल असा नव्हताच. नुसती मान होती. आपण बैलाच्या मानेला गाल लावून उभे राहिलो तर डोळ्यांसमोर जेवढं येईल तेवढं. आणि तो राखाडी नव्हता, सिमेंट नव्हतं. तो कोसा होता.

मी शालनला हाक मारली. तिने पदराला हात पुसत पाहिलं आणि पहिल्यांदाच, आमच्या इतक्या संसारात, माझ्या पुसणीवर काही टिंगल केली नाही. "कुणी काढलं?" एवढंच म्हणाली.

मग मोटरसायकल काढली आणि महाळुंग्याला गेलो. पवळ्या बसून रवंथ करत होता. पुढच्या बाजाराच्या दिवशी रामदासने टेम्पो बोलावला तो खरा, पण बेल्ह्याला रिकामा नेला आणि येताना त्यातून एक गोऱ्हा आणला. तो आता पवळ्याच्या शेजारी बांधलेला असतो आणि त्याचा मार खातो. भिंतीवरचा माझा सिमेंटचा बैल मावशींनी चुन्याखाली घालायला लावला. माझी त्याला हरकत नव्हती.

तर मी गेलो तेव्हा मावशी गोठ्यातच होत्या. मी काही न सांगता वही उघडून समोर धरली. त्यांनी पानावर तळवा ठेवला, सावकाश खालून वर फिरवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुला जमत नव्हतं. त्याला जमलं बघ."

"हो मावशी," मी म्हटलं. वर्षानुवर्षं ब्रश धरल्यावर एका बैलापुढे हरायला मला काही वाटलं नाही.

मी ते पान फाडून त्यांना द्यायला निघालो. चौकट करून देतो म्हणालो, काच लावून. त्यांनी माझा हात धरला.

"फाडू नगं. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "अन् येत जा हिकडं. पुसत जा अधनंमधनं."